पिल्लाचं पोट बिघडलं की आधी काय बघायचं आणि पैसे कुठे घालायचे

चकली, आमचं कुत्र्याचं पिल्लू, घरी आली तेव्हा सात आठवड्यांची होती. शेपटीला दीड वेढा, म्हणून चकली. वजन दोन किलो आठशे. हे पक्कं आठवतं, कारण तेव्हा मी तिला रोज परातीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलत होतो. चौथ्या रात्री तिला ढाळ लागले. पहाटे तीनपर्यंत पेपराच्या सगळ्या पुरवण्या संपल्या होत्या, आणि घरात उरलेली माणसांची जुलाब थांबवायची गोळी चतकोर करून मी तिच्या तोंडाशी नेली होती. बायकोने ती हातातून काढून घेतली म्हणून वाचलो.

पुढच्या चार दिवसांत माझे तीन हजार शंभर रुपये गेले. त्यातले कामाचे साडेसहाशे: डॉक्टरांची तपासणी चारशे, शीची तपासणी दीडशे, औषध शंभर. बाकीचे चोवीसशे पन्नास मी माझ्याच हुशारीने घालवले. ‘नाजूक पोटासाठी’ म्हणून आणलेले सहा डबे, एक पावडर, एक टॉनिक, आणि औषधाच्या दुकानातून ‘कुत्र्यालाही चालतं हो’ या भरवशावर घेतलेली एक बाटली. कुणी फसवलं नाही. पिल्लाचं पोट चालतं कसं हेच मला माहीत नव्हतं. तेवढं इथे मांडतोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे डोस इथे सापडणार नाहीत.

सुरुवात दुधापासून, कारण आपल्याकडे पिल्लू दारात आलं की पहिली वाटी दुधाचीच पुढे येते, आणि त्यात बिस्किट कुस्करलेलं असतं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते आणि ती पचवायला आतड्यात एक पाचकरस लागतो. पिल्लू आईचं दूध सोडू लागलं की हा रस कमी होत जातो. शिवाय कुत्रीचं दूध आणि गाईचं दूध यांत मोठा फरक आहे. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त, आणि साखर मात्र कमी. म्हणजे पिल्लाच्या हिशेबाने गाईचं दूध पाणचट आणि गोड. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढून घेते, तिथले जिवाणू ती आंबवतात. गुडगुड, वास, पातळ शी. म्हशीचं दूध दाट असतं म्हणून चालेल असं अनेकांना वाटतं, पण त्यातली साखर कुठे जात नाही. सगळ्याच पिल्लांना दूध बाधतं असं नाही. पण पोट बिघडलेलं असताना पहिली बंद करायची गोष्ट तीच, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

दुसरं साधं कारण म्हणजे एकदम बदललेलं खाणं. आधीच्या घरी ते काय खात होतं हे विचारायचं राहून जातं, आणि आपण पहिल्याच दिवशी दुकानातलं सगळ्यात महाग पाकीट फोडतो. आतड्यातल्या जिवाणूंनाही नव्या खाण्याची सवय व्हावी लागते. जुनं खाणं थोडं थोडं कमी आणि नवं वाढवत, साधारण आठवडाभरात बदल करायचा. त्यात घर नवं, आई-भावंडं सुटलेली, म्हणजे ताण आलाच. ताणाने माणसाचं पोट बिघडतं, त्यांचंही बिघडतं.

तिसरं कारण जंत. चकलीचं तेच निघालं. ‘जंताचं औषध दिलंय’ असं देणाऱ्याने सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. पण एका डोसाने भागत का नाही, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर पहिल्यांदा डोक्यात शिरलं. गोल जंतांच्या अळ्या कुत्रीच्या शरीरात दबा धरून असतात आणि ती गाभण राहिली की गर्भातल्या पिल्लांत उतरतात. म्हणजे पिल्लू जन्माला येतं तेच जंत घेऊन, मग घर कितीही स्वच्छ असो. या अळ्या पिल्लाच्या यकृतातून फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात जाऊन मोठ्या होतात. औषध मुख्यतः आतड्यात पोचलेल्या जंतांना मारतं. वाटेत असलेले मागाहून येतात. म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी डोस द्यायची पद्धत आहे. औषधानंतर शीतून शेवयांसारखे जंत पडले तर घाबरायचं नाही, त्यासाठीच ते दिलेलं असतं.

डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकात बघू दिलं. सकाळची ताजी शी मी खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या डबीत नेली होती. तिचा कणभर भाग काचेवर घेतलेला. पिवळसर गढूळ पाण्यात तपकिरी गोट्या दिसल्या, मध्ये काळपट आणि कडेला बारीक खड्डे खड्डे असलेलं जाड कवच. ‘ही जंताची अंडी. एवढीशी आहेत, पण मातीत वर्षानुवर्षं टिकतात,’ डॉक्टर म्हणाले. लहान मुलांच्या हातातोंडातून ती माणसातही जाऊ शकतात. तेव्हापासून घरात शी ताबडतोब उचलली जाते आणि साबणाने हात धुतल्याशिवाय कुणी पोळीला हात लावत नाही. दीडशे रुपयांची ती काच माझ्या सगळ्या खर्चातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची निघाली. कारण पातळ शीमागे कॉक्सिडिया किंवा जिआर्डिया असे डोळ्यांना न दिसणारे परजीवीही असतात, त्यांची औषधं वेगळी असतात आणि जंताच्या नेहमीच्या गोळीने ते सगळे जात नाहीत.

पण कारण कुठलंही असो, रात्री तीन वाजता आपल्याला एवढंच ठरवायचं असतं की सकाळपर्यंत थांबायचं की आत्ता निघायचं.

नव्या माणसाची नजर शीवर खिळते. रंग काय, आव आहे का, किती वेळा झाली. हे टिपून ठेवायचंच, फोटोही काढायचा. पण त्याआधी पिल्लाकडे बघायचं. पातळ शी होऊनही ते शेपटी हलवत चपलेवर झडप घालतंय, खायला मागतंय, पाणी पोटात राहतंय, तर सकाळपर्यंत वेळ आहे. शी दोनच वेळा झाली, पण ते कोपऱ्यात पडून आहे, हाक मारली तर मान वळवत नाही, खायला नको म्हणतंय, तर वेळ नाही. उलटी आणि जुलाब दोन्ही सुरू असतील, पाणीही उलटून पडत असेल, शीत रक्त असेल किंवा ती डांबरासारखी काळी असेल, पोट फुगलं असेल, किंवा लस झालेली नसेल, तर निघायचं. पुसताना शेवटी एखादी लाल रेघ दिसली आणि पिल्लू मजेत असेल, तर ती जोर केल्याचीही असू शकते. तरी त्याच दिवशी फोन करावा. नाक कोरडं म्हणजे आजारी, ही समजूत मात्र सोडून द्या. झोपेतून उठलेल्या निरोगी कुत्र्याचंही नाक कोरडं असू शकतं.

पिल्लाच्या बाबतीत एवढी घाई का, ते हिशेबाने कळतं. तीन किलोच्या पिल्लाच्या शरीरातून वजनाच्या आठ टक्के पाणी गेलं, म्हणजे किती? दोनशे चाळीस मिली. एक मोठा पेला. एवढंसं पाणी चार-पाच जुलाब आणि दोन उलट्यांत सहज जातं, आणि आठ टक्के ही गंभीर पातळी आहे. पाच टक्क्यांपर्यंत तर बाहेरून काही कळतही नाही. बघायचं ते हिरड्यांवर. बोट फिरवलं तर त्या ओल्या, बुळबुळीत लागायला हव्यात. चिकट लागल्या तर पाणी कमी पडतंय. हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात हे दिसत नाही, तिथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघतात.

इथेच ‘एक दिवस उपाशी ठेवा, पोटाला आराम पडेल’ हा सल्ला हमखास येतो. मोठ्या कुत्र्याला एखादी वेळ चालूनही जाते. पिल्लाला नाही. त्याच्या यकृतातला साखरेचा साठा फार लहान असतो. काही तास पोटात काही गेलं नाही की रक्तातली साखर उतरते आणि पिल्लू थरथरतं, अडखळतं, गळून पडतं. लहान जातींच्या पिल्लांत तर हे भराभर होतं. असं दिसलं तर बोटावर थोडा मध किंवा ग्लुकोजचं पाणी घेऊन हिरड्यांना चोळायचं आणि दवाखान्याचा रस्ता धरायचा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

पिल्लू तरतरीत असेल तर घरी करायचं ते इतकं साधं आहे की त्यावर विश्वास बसत नाही. मऊ शिजवलेला पांढरा भात, त्यात पाण्यात उकडलेलं बिनहाडाचं चिकन, मीठ-हळद-फोडणी काही नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी मोठा चमचा-दोन चमचे. पाणी सतत समोर, पण घटाघटा पिऊन ओकत असेल तर थोडं थोडं. ओआरएस चालेल का आणि किती, हे डॉक्टरांना फोनवर विचारून घ्यावं. शी बांधून यायला लागली की तीन-चार दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाण्यावर. भात-चिकनवर महिना काढायचा नाही, वाढत्या हाडांना लागणारं कॅल्शियम त्यात पुरेसं नसतं.

आणि माणसांच्या औषधांचा डबा बंदच ठेवायचा. जुलाब थांबवणारी गोळी आतड्याची हालचाल मंद करते. आत विषार असेल तर तो आतच राहतो, आणि कोली जातीच्या काही कुत्र्यांत एका जनुकामुळे ते औषध मेंदूपर्यंत पोचतं. ताप-अंगदुखीवरचं आयबुप्रोफेन तर पोटात व्रण करतं आणि मूत्रपिंड निकामी करू शकतं. ‘ताप असेल म्हणून अर्धी दिली’ हे वाक्य प्रत्येक डॉक्टरने ऐकलेलं असतं.

आता पार्व्हो. हे नाव ऐकलं की पोटात गोळा येतो, आणि यावा.

हा विषाणू १९७८ मध्ये कुत्र्यांत दिसला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. मांजरांच्या एका जुन्या विषाणूचा तो जवळचा नातेवाईक. तो इतका घातक का, हे समजायला आतड्याचं अस्तर डोळ्यांपुढे आणा. ते मखमलीसारखं असतं, बारीक बारीक लव असलेलं. या लवेच्या पेशी काही दिवसांतच झिजून गळतात आणि खाली असलेल्या खळग्यांतून नव्या पेशी वर सरकत राहतात. ते खळगे म्हणजे रोपवाटिका. पार्व्होला फक्त वेगाने वाढणाऱ्या पेशींतच स्वतःच्या प्रती काढता येतात, म्हणून तो थेट या रोपवाटिकेवर पडतो. जुनी लव झिजत जाते, नवी येत नाही, आणि मखमलीचं पोतेरं होतं. पाणी शोषलं जात नाही, उलट रक्तासकट बाहेर पडतं. आतड्यातले जिवाणू उघड्या पडलेल्या भिंतीतून रक्तात शिरतात. नेमक्या त्याच वेळी विषाणूने रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवरही हात मारलेला असतो, त्यामुळे लढायला पांढऱ्या पेशीही नसतात.

म्हणजे पिल्लू मरतं ते बहुतेक वेळा पाणी गेल्याने आणि रक्तात जिवाणू पसरल्याने. ‘विषाणूवर अँटिबायोटिकचा काय उपयोग, उगाच बिल वाढवतात’ असं आमच्या सोसायटीत एक गृहस्थ ठणकावून सांगत होते. ते अँटिबायोटिक विषाणूसाठी नसतंच, आत घुसलेल्या जिवाणूंसाठी असतं. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि लवकरात लवकर थोडं खाणं, एवढ्यावर रोपवाटिका पुन्हा उगवेपर्यंत पिल्लाला तग धरायला लावायचा असतो. उपचार न केलेली बहुतेक पिल्लं जातात आणि वेळेवर नीट उपचार मिळालेल्यांतली बहुतेक वाचतात. उलट साध्या जुलाबात, पिल्लू तरतरीत असताना, अँटिबायोटिकची गरज बहुधा नसते. तिथे ‘हे कशासाठी?’ असं विचारायला हरकत नाही.

त्याच गृहस्थांच्या शेजाऱ्यांकडे अकरा आठवड्यांचं लॅब्राडोर होतं. एक लस झालेली, तरी पार्व्हो झाला. ‘मग लस घेऊन उपयोग काय?’ पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून रोगाशी लढणारी तयार प्रतिपिंडं मिळतात. ती असेपर्यंत लसही त्यांच्याकडून हाणून पाडली जाते. ती हळूहळू ओसरतात, पण कुठल्या आठवड्यात ओसरतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. मधे काही दिवस असे येतात की आईचं संरक्षण रोगाला पुरं पडत नाही, पण लसीला अडवण्याइतकं शिल्लक असतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी लस टोचत राहायची आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचं वय झाल्यावरच द्यायचा. हे ‘बूस्टर’ म्हणजे दवाखान्याची कमाई नाही. कुठला डोस लागू पडेल हे माहीत नसल्याने प्रत्येक दार ठोठावून बघणं आहे ते. तोवर रस्त्यावरच्या मातीत, बागेत, अनोळखी कुत्र्यांत पिल्लाला खाली सोडायचं नाही. कडेवर घेऊन फिरवा, खुशाल.

त्या लॅब्राडोरच्या पाच दिवसांचे चौदा हजार झाले. दवाखान्यात भरती, रोज सलाईन, रक्ताच्या दोन तपासण्या. वाचलं ते. पण पहिल्या दिवशी त्या घरात जी कुजबुज झाली ती मला पैशांपेक्षा जास्त लागली. एवढे पैसे आहेत का, हे डॉक्टरांना विचारायची लाज. लाजेपोटी बारा तास गेले.

म्हणून पैशांबद्दल सरळ बोलायचं. मी आता असं म्हणतो: ‘डॉक्टर, आज माझ्याकडे चार हजार आहेत. यात सगळ्यात आधी काय करायला हवं?’ एकाही डॉक्टरने तोंड वाकडं केलेलं नाही. उलट त्यांचं काम सोपं होतं, ते क्रम लावतात. तपासणी सुचवली तर विचारावं, ‘हिचा निकाल काहीही आला तरी औषध तेच राहणार आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ती तपासणी पुढे ढकलता येईल. भरती करायचं असेल तर दिवसाचा अंदाज कागदावर मागावा आणि बिल कुठल्या आकड्याला पोचलं की आपल्याला फोन करायचा हे सांगून ठेवावं. बिल बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा: पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचार सेवेवर जीएसटी नाही, औषधांवर आहे.

भरतीचे पैसे नसतील तर ‘मग घरी न्या’ एवढाच पर्याय नसतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात पार्व्होच्या चाळीस पिल्लांचे दोन गट केले होते. एका गटाला पूर्ण भरतीचे उपचार. दुसऱ्याला सुरुवातीला शिरेतून सलाईन देऊन सावरलं, आणि मग घरी ठेवल्यासारखे उपचार, म्हणजे कातडीखाली सलाईन, उलटीचं इंजेक्शन, दीर्घकाळ टिकणारं अँटिबायोटिक. भरतीतली नव्वद टक्के वाचली, दुसऱ्या गटातली ऐंशी. हे दुसरं कामही तिथले प्रशिक्षित लोकच करत होते आणि रात्रंदिवस लक्ष होतं, हे विसरायचं नाही. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ‘सकाळ-संध्याकाळ आणून कातडीखाली सलाईन’ हा खरा पर्याय आहे. तो असतो का, हे आपणच विचारावं लागतं.

स्वस्त जागाही आहेत. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल १८८३ पासूनचं. पशुवैद्यक महाविद्यालयांचे दवाखाने मुंबईशिवाय नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला आहेत. आम्हा सातारकरांना खंबाटकी घाट ओलांडला की शिरवळ. तिथे वेळ जास्त लागतो आणि विद्यार्थ्यांचा घोळका पिल्लाभोवती जमतो, पण फी परवडते. तालुक्याचा सरकारी दवाखाना मुख्यतः गाईगुरांसाठी असला तरी जंताचं औषध आणि साधी तपासणी तिथे होऊ शकते. आधी फोन करून जावं. प्राण्यांचा विमा आता मिळतो, पण आजारी पडल्यावर काढून उपयोग नाही. सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो, आणि लस न घेतल्याने झालेल्या आजाराचे पैसे सहसा मिळत नाहीत.

पार्व्हो होऊन गेलेल्या घरात फिनेलने फरशी पुसून काही होत नाही, सॅनिटायझरनेही नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आधी घाण साफ करून मग हे पाणी दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. ब्लीचमध्ये फिनेल किंवा अ‍ॅसिड मिसळायचं नाही. मातीत तो विषाणू कित्येक महिने, कधी वर्षभर टिकतो, तिथे ब्लीच चालत नाही. अशा अंगणात लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू आणू नये.

आणि एक राहिलं. वारंवार उलट्या, शी जवळजवळ बंद, पोटाला हात लावू देत नाही, असं असेल तर पिल्लाने काहीतरी गिळलंय अशी शंका घ्यावी. जोराच्या जुलाबांनंतर पिल्लाचं आतडं बाहीत बाही जावी तसं स्वतःतच शिरूही शकतं. दोन्हीला बहुधा शस्त्रक्रिया लागते आणि दोन्हीत भात-चिकनने फक्त वेळ जातो.

चकली आता अकरा किलोंची आहे, परातीत मावत नाही. फ्रिजवर तिचं लसकार्ड, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आणि एक पाकीट लावलंय. पाकिटात दर महिन्याला पाचशे पडतात. गेल्या रविवारी सकाळी तिने दोनदा ओकलं आणि माझा एक मोजा गायब होता. पाकीट खिशात घातलं, रिक्षा बोलावली, चकलीला उचललं. तेवढ्यात बायकोने सोफा सरकवला. मोजा तिथेच होता, ओला आणि पूर्ण. त्याच्याशेजारी जुलाबाच्या काळात हरवलेला लाकडी चमचा होता.